मदत हवी आहे: कार्बन फ्रेमवर उन्हाने पांढुरकी झाक आलीय, परभणीच्या उन्हाळ्यात सायकल कशी जपायची?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. कार्बन फ्रेमची रोड सायकल आहे. चमकदार काळा रंग, त्यावर क्लिअर (वरचा पारदर्शक थर), काही ठिकाणी कार्बनची वीण उघडी दिसते. मुक्काम परभणी, तिसरा मजला, सायकल पश्चिमेच्या गॅलरीत. दुपारी अडीचपासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट तिच्या अंगावर. असे तीन उन्हाळे झाले. आता टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीच्या) वरच्या अंगाला आणि डाव्या सीटस्टेवर (खोगिराखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) पांढुरकी झाक आलीय. बोट फिरवलं की पिठासारखं बोटाला लागतं. त्याच ट्यूबच्या खालच्या बाजूला मात्र फ्रेम अजून आरशासारखी आहे.

फ्रेम कमजोर झाली असेल का? झाक जाईल का? घरात ठेवायला जागा नाही, तेव्हा जे करायचं ते गॅलरीतच करावं लागेल. एका दुकानात सिरॅमिक कोटिंग करून घ्या म्हणाले, दुसऱ्याने पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) सांगितलं. शिवाय मे महिन्यात सायकल गाडीत टाकून छत्रपती संभाजीनगरला न्यायची आहे. चाकंही कार्बनची, हुकलेस रिम, ट्यूबलेस टायर. हवा ६५ पीएसआय ठेवतो. तपशिलात सांगितलंत तर फार मदत होईल.

मांजरातीर

आधी कमजोरीचं बोलू, बाकी सगळं त्यावर ठरतं.

ऊन कार्बनच्या धाग्याला काही करत नाही. धागे एकमेकांना धरून ठेवणारी इपॉक्सी मात्र उन्हाला कच्ची. अतिनील किरण तिच्या रेणूंचे बंध तोडतात. आधी ती पिवळी पडते, मग पृष्ठभागावर तिचा भुगा व्हायला लागतो. हे सगळं वरच्या काही मायक्रॉनांत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतं, कारण किरण तिथेच शोषले जातात आणि काळा कार्बन त्यांना पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे तीन उन्हाळ्यांत ट्यूबची भिंत आतून पोकळ झाली असं होत नाही. या इपॉक्सीवर ऊन पडू नये म्हणूनच कंपनी वरून रंग आणि क्लिअर मारते, आणि त्या क्लिअरमध्ये अतिनील किरण शोषणारी रसायनं घातलेली असतात. तीही वर्षागणिक खर्च होत जातात. तुम्हाला जे पीठ दिसतंय ते बहुतेक त्या क्लिअरचं आहे. फ्रेमच्या जागी क्लिअर मार खातोय, तो त्यासाठीच असतो.

पण तो संपत आलाय याची ही खूण आहे. आपल्याकडे एक गोष्ट वाईट आहे. चार महिने कडक ऊन, मग लगेच पाऊस. उन्हाने झालेला भुगा पाणी धुऊन नेतं आणि खालचा कोरा थर पुढच्या उन्हाला उघडा पडतो. नुसतं ऊन किंवा नुसता पाऊस जेवढं नुकसान करील, त्यापेक्षा दोन्ही आळीपाळीने आले की जास्त होतं. ऑक्टोबरचं ऊनही हिशेबात धरा, पावसाने धुतलेल्या फ्रेमवर ते पडतं.

आता तुमचा थर कुठवर आलाय ते बघायची साधी रीत. एक लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे पाच-सहा थेंब टाकून फ्रेम धुवा, कोरडी करा. मग ओलं मऊ फडकं झाक असलेल्या भागावरून फिरवा आणि मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून बघा. पाणी लागताच पांढुरकेपणा नाहीसा होऊन काळा रंग वर आला आणि वाळल्यावर झाक परत आली, तर क्लिअर फक्त वरून खरबरीत झालाय. पाण्याने त्याचे बारीक खड्डे भरले की उजेड सरळ आत जातो, म्हणून झाक दिसत नाही. ओलं असतानाही पांढरा डाग तसाच राहिला, तर तिथे क्लिअर सुटून खाली हवा शिरलीय, किंवा त्याहून खाली काहीतरी आहे. तिसरी गोष्ट, फडकं फिरवल्यावर सगळीकडचं पाणी वाळलं पण एखादी केसासारखी ओली रेघ मागे राहिली, तर ती भेग. ती कुठे आहे, त्यावर पुढचं.

हे करून इथे सांगा. तोवर पॉलिश, वॅक्स, काही लावू नका. लावलंत की खड्डे भरतात आणि ही तपासणी निकामी होते.

रंगसाथी_जालना

वरचं बरोबर आहे. रंगकामाच्या बाजूने थोडी भर.

झाक नुसती वरवरची निघाली तर ती हाताने पॉलिश करून जाते. पण जपून. असा क्लिअर साधारण ३० ते ५० मायक्रॉन असतो, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीच्या निम्मा किंवा त्याहून कमी, आणि त्यातला काही उन्हाने आधीच नेलाय. गॅरेजमधलं जाड रबिंग कंपाउंड आणि बफिंग मशीन फ्रेमवर अजिबात चालवू देऊ नका. ट्यूबची गोलाई आणि जोडाचे कोपरे तिथे दोन मिनिटांत उघडे पडतात. बारीक फिनिशिंग पॉलिश घ्या, वाटाण्याएवढं, मायक्रोफायबरवर. एका वेळी चार बोटं लांबीचा भाग, आठ-दहा हात, पुसून बघा. दोनदा करून झाक गेली नाही तर थांबा. मॅट फ्रेम असेल त्यांनी हे करूच नये, मॅट क्लिअर घासला की चट्टे चमकतात आणि पुन्हा मॅट होत नाहीत.

क्लिअर खरंच संपला असेल तर नवा मारून घ्यावा लागेल. मोटारीचं चांगलं डेंटिंग-पेंटिंग करणारा हे करू शकतो, पण कार्बनचे नियम त्याला माहीत नसतील, ते तुम्ही सांगायचे. पेंट रिमूव्हर बिलकुल नको. तो रंग आणि इपॉक्सी यांत फरक करत नाही. घासायचं ते ओल्या वॉटर पेपरने, ६०० पासून ८०० पर्यंत, हाताने. पाण्याचा रंग बघत राहा. पाणी दुधासारखं येतंय तोवर क्लिअर निघतोय. बेस कोटचा (क्लिअरखालच्या रंगाचा) काळा आणि कार्बनचा काळा यांत मात्र घोटाळा होतो, म्हणून वीण उघडी दिसते तिथे विशेष लक्ष. पाणी जरा जरी करडं-काळं आलं की हात उचला, धागे कापले जातायत. ही काळी पूड कोरडी उडाली तर नाकात आणि कातडीत बसते, कोरडं घासूच नये.

मास्किंगच्या जागा: हेडसेटच्या (हँडल फिरतो त्या जोडाच्या) बेअरिंगच्या बैठका, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ती जागा), सीट ट्यूबचं तोंड आणि आतली बाजू, डेराइलर हँगर (मागचा गिअर टांगतो तो तुकडा), डिस्क ब्रेक बसतो तो सपाट भाग, चाकाची खोबणी. तिथे रंगाचा थर चढला तर पार्ट नीट बसत नाहीत आणि मग पाना जास्त आवळला जातो. फ्रेमवर टू-के क्लिअर मारायचा, हार्डनर वेगळा मिसळायचा असतो तो. प्रमाण डब्यावर असतं, अंदाजाने घालायचं नाही. दोन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. "अतिनील किरणांपासून संरक्षण" असं डब्यावर स्पष्ट असलेलाच घ्या, साधा लाकडाचा लॅकर उन्हात वर्षभरात पिवळा पडतो. हार्डनरमधला आयसोसायनेट फुफ्फुसाला घातक आहे, कापडी किंवा कागदी मास्कने तो अडत नाही. हे काम घरी गॅलरीत करू नका.

भट्टीत तापवून सुकवायचं म्हणाले तर ६० अंशांच्या वर नाही. पावडर कोटिंग तर मुळीच नाही, ते १८० ते २०० अंशांवर भाजतात. आणि फ्रेम वॉरंटीत असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय हात लावू नका, पुन्हा रंग मारला की बहुतेक कंपन्यांची वॉरंटी जाते.

गिअर_पाना

मी गॅलरीचं आणि उष्णतेचं घेतो. ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोघांना एकच उपाय केला की घोळ होतो. उन्हापासून वाचवायला काळा प्लॅस्टिकचा कव्हर टाकला तर आत भट्टी होते. घाम, दव, बोअरचं पाणी जे काही असेल ते आतच उकडतं.

तुमच्या गॅलरीला सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय शेतीच्या दुकानात आहे: शेडनेट. ७५ टक्क्यांची घ्या, दोन पदर लावा. एक पदर चौथा हिस्सा ऊन आत सोडतो, दुसरा त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे उरलं सहा-सात टक्के. आणि वारा खेळता राहतो, ही खरी गंमत आहे. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, म्हणून नेट डोक्यावर नाही, कठड्यापासून वरच्या स्लॅबपर्यंत उभी ताणायची. दोन्ही पदरांत वीतभर अंतर ठेवा. कडेला दुमड घालून आयलेट मारून घ्या, नाहीतर मेच्या वावटळीत पहिल्याच दिवशी फाटते. नेट सायकलला टेकवू नका. वाऱ्याने ती हलत राहते आणि मधली धूळ कानसेसारखी काम करते.

आतून सायकलवर जाड सुती चादर टाकायची. पांढरं पातळ धोतर नको, त्यातून बरेच किरण आत येतात. जाड विणीची, गडद रंगाची चादर. टाकण्याआधी फ्रेम ओल्या फडक्याने पुसायची, हे रोजचं. आपल्या काळ्या मातीची धूळ दिसायला मऊ, पण तिच्यावर चादर ओढली की बारीक ओरखडे येतात. जूनमध्ये पाऊस लागला की चादर काढून ठेवा, सुती कापड ओल धरतं.

कोणाकडे गॅलरीला काच असेल तर काचेवर विसंबू नका. साधी खिडकीची काच आखूड लांबीचे अतिनील किरण अडवते, लांब लांबीचे बरेचसे आत सोडते. रंग उडवायला आणि इपॉक्सी पिवळी करायला ते पुरतात. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणाऱ्यांनी सायकल वर हुकला टांगू नये. पत्र्याखाली हात वर करून बघा, वरच्या हातभर पट्ट्यात सगळ्यात जास्त धग असते. खाली, भिंतीपासून सुटी उभी करा. आणि कूलरच्या झोतात नको. कूलरमध्ये बोअरचं पाणी असतं, त्याच्या तुषारांतले क्षार बोल्टवर आणि ॲल्युमिनियमच्या पार्टवर पांढरे बसतात. कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम खाऱ्या ओलीत लवकर गंजतं.

मांजरातीर

सिरॅमिक की पीपीएफ, यावर माझं स्पष्ट मत: दोन्ही सावलीची जागा घेत नाहीत.

सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉनांचा. इतक्या पातळ थरात किरण अडवण्याची ताकद बेताचीच. त्याने पाणी टिकत नाही, धूळ लवकर निघते, फडकं कमी घासावं लागतं, हा फायदा खरा आहे. सनस्क्रीन म्हणून विकत घेऊ नका. वॅक्सचं तेच, तो तर आपल्या उन्हात काही आठवड्यांत उतरतो.

पीपीएफ जाड असते, १५० ते २०० मायक्रॉन. टीपीयूची (लवचिक पॉलियुरेथेनची) घ्या. पीव्हीसीची स्वस्त फिल्म स्वतःच पिवळी पडते आणि काढताना डिंक मागे ठेवते. पण आत्ता, या अवस्थेत लावू नका. पिठाळलेल्या क्लिअरवर चिकटवली तर उद्या काढताना क्लिअर सोबत घेऊन निघेल. आधी पॉलिश. नवा क्लिअर मारला तर किमान तीन-चार आठवडे थांबून मग फिल्म, आतला थिनर उडून जाऊ दे.

पूर्ण फ्रेमची गरज नाही. वरून ऊन खाणारी टॉप ट्यूब, सीटस्टे आणि दगड बसतात ती डाउन ट्यूबची (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीची) खालची बाजू, एवढी पुरे. मोटारीला पीपीएफ बसवणाऱ्यांकडे कामातून उरलेल्या पट्ट्या असतात, त्या ट्यूबला नेमक्या पुरतात, विचारून बघा. ट्यूबचा घेर टेपने मोजून पट्टी ५ मिलिमीटर कमी कापा, म्हणजे खाली कड कडेवर चढत नाही. अर्धं पाणी अर्धं आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याने पुसून तेलकटपणा काढा. लावताना शाम्पूच्या पाण्याचा फवारा दोन्हीकडे. मधून बाहेर पाणी ढकलत जा, कडा शेवटी हेअर ड्रायरने बसवा. हे सकाळी सातच्या आत. दुपारी पाणी फवारताच उडतं आणि फिल्म सरकायच्या आत चिकटते.

अर्धवट झाकलेल्या भागाची एक अडचण सांगून ठेवतो. काही वर्षांनी फिल्म काढली की झाकलेला आणि उघडा रंग वेगवेगळा दिसतो. पांढऱ्या आणि लाल फ्रेमवर जास्त, काळ्यावर कमी.

गिअर_पाना

आता गाडीचं. कंपनीत भाजलेल्या फ्रेमची इपॉक्सी साधारण १०० अंशांच्या वरच मऊ व्हायला लागते. बाहेर ४२ अंश असताना बंद गाडीत ६० च्या पुढे जातं, काचेखाली काळ्या पृष्ठभागावर त्याहून जास्त. म्हणजे शाबूत फ्रेमला धोका नाही. धोका आहे तो दुरुस्त केलेल्या फ्रेमला. दुरुस्तीत खोलीच्या तापमानाला सुकणारी इपॉक्सी वापरून नंतर तापवली नसेल, तर ती ५०-६० अंशांतच मऊ पडू शकते. फ्रेम सेकंडहँड असेल तर पूर्वी कुठे काम झालंय का ते विचारून घ्या.

तुमच्यापुरतं खरं काम टायरच्या हवेचं आहे. सकाळी २७ अंशांना ६५ पीएसआय भरली आणि चाक ६० अंशांवर गेलं, तर हवा ७४ च्या जवळ जाते. हुकलेस रिमला ईटीआरटीओची (टायर-रिमची मानकं ठरवणाऱ्या युरोपीय संस्थेची) कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. रिमवर आणि टायरवर याहून कमी आकडा असेल तर तोच धरायचा. हुकलेसला टायर धरणारा ओठ नसतो, मर्यादा ओलांडली की टायर रिमवरून उडू शकतो, आणि बंद गाडीत तो आवाज कानाला इजा करील. गाडीत टाकताना ३० पीएसआयपर्यंत उतरवा, पोचल्यावर सावलीत तासभर ठेवून पुन्हा भरा. गरम टायरमध्ये मापून भरू नका. गॅलरीत उभ्या सायकललाही हेच लागू, उन्हात ६५ नको. ट्यूबलेसचं सीलंट उन्हाळ्यात दर महिन्याला बघा. हवा सोडून व्हॉल्व्हचा आतला कोअर काढा आणि आत काडी घाला, ओली आली नाही तर सुकलंय.

गाडीच्या मागच्या कॅरिअरवर टांगणार असाल तर सायलेन्सरच्या तोंडासमोर कार्बन रिम येता कामा नये. तो झोत ऊन कधीच देणार नाही इतका गरम असतो, रिमची इपॉक्सी तिथे जळून पदर सुटतात. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील त्यांनी तापलेली बॅटरी लगेच चार्जला लावू नये, ४५ अंशांच्या खाली येऊ द्यावी.

एक छोटी गोष्ट राहिली. हाताला सनस्क्रीन किंवा डास पळवणारं डीट असलेलं मलम लावून टॉप ट्यूब धरू नका. डीट प्लॅस्टिक आणि क्लिअर दोन्ही विरघळवतं, बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ओल्या फडक्याची तपासणी केली. टॉप ट्यूब आणि सीटस्टे दोन्हीकडे पाणी लागताच झाक गेली, वाळल्यावर परत आली. पण सीट क्लँपच्या (खोगिराचा दांडा आवळणाऱ्या कड्याच्या) खाली, सीट ट्यूबला मागे आवळण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या चिरेच्या टोकापासून साधारण १२ मिलिमीटरची एक ओली रेघ शेवटपर्यंत राहिली. नखाला जेमतेम लागते. ही उन्हाची आहे का?

मांजरातीर

नाही. उन्हाच्या भेगा अनेक आणि जाळीदार असतात, ऊन पडतं त्या अंगाला असतात. ही एकटी, चिरेच्या टोकापासून निघालेली, म्हणजे आवळण्याचा ताण. तपास पूर्ण होईपर्यंत सायकल चालवू नका.

सीटपोस्ट (खोगिराचा दांडा) पूर्ण बाहेर काढा. सीट ट्यूबच्या आत टॉर्च मारून नेमकी त्याच जागी आतली बाजू बघा. धागे उचललेले, पांढुरकी रेघ किंवा काळी पूड दिसली तर भेग आरपार आहे. ते काम कार्बन दुरुस्ती करणाऱ्याचं, रंगवाल्याचं नाही. आत गुळगुळीत असेल तर बाहेरून एक रुपयाच्या नाण्याने रेघेच्या दोन्ही बाजूंना हलकेच टिचका. सगळीकडे सारखा टणक आवाज हवा. रेघेजवळ बद्द वाजला तर पदर सुटलेत.

दुधनाकाठ

पोस्ट काढली. आत स्वच्छ, गुळगुळीत. नाण्याचा आवाज वरपासून खालपर्यंत सारखाच. क्लँपवर ५ न्यूटन मीटर लिहिलंय, पण आजवर साध्या ॲलन कीनेच आवळत होतो. क्लँपचा स्लॉट आणि ट्यूबची चीर एकावर एक, दोन्ही मागेच आहेत.

गिअर_पाना

मग बहुतेक रंगाची भेग आहे, पण नजर ठेवायची. तुमच्या क्लँपच्या आणि फ्रेमच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर क्लँप फिरवून त्याचा स्लॉट चिरेच्या विरुद्ध बाजूला घ्या, म्हणजे ताण चिरेच्या टोकावर एकवटत नाही. पोस्टवर कार्बन पेस्ट लावा, ग्रीस नाही. पेस्टमधल्या कणांमुळे कमी टॉर्कवर (आवळण्याच्या कमी जोरावर) पोस्ट धरते. टॉर्क रेंचने ४ पासून सुरू करा, खोगिरावर जोर देऊन बघा, सरकली तरच अर्धा-अर्धा वाढवत ५ पर्यंत. त्यापुढे नाही.

रेघेच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून त्यावर पेन्सिलने खूण करा आणि शेजारी पट्टी धरून फोटो काढून ठेवा. पहिल्या तीन फेऱ्या ५ किलोमीटरच्या आत, प्रत्येकीनंतर ओलं फडकं. रेघ खुणेच्या पुढे एक मिलिमीटर जरी गेली तर तिथेच थांबा आणि फ्रेम दुरुस्तीवाल्याकडे द्या. आणि हे नक्की होईपर्यंत त्या भागाला पॉलिश लावू नका, फिल्मही नको. रेघ दिसत राहिली पाहिजे.